रिकाम्या गाडीचं वजन

जॉर्जीन झाब्का माझी शेजारीण. तिच्या आणि माझ्या घरामध्ये तिचा बटाट्यांचा वाफा आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच अंतर. तिने उमेदीची सगळी वर्षं शाळेची बस चालवली. आमचा नेब्रास्काचा हा कोपरा इतका सपाट आहे की तिच्या वाटेवर चढण म्हणावी अशी एकच होती, रेल्वेच्या रुळांवरची. तीही ती पहिल्या गिअरमध्ये चढायची. मागे मक्याने भरलेले ट्रक हॉर्न वाजवत खोळंबले तरी तिला फरक पडत नसे. "माझ्या मागे मुलं बसलीत, तुमच्या मागे मका!" असं खिडकीतून ओरडून सांगायची आणि आपल्याच चालीने जायची.

रोज सकाळी बस सुरू करण्याआधी ती बसला एक पूर्ण फेरी मारायची. लाकडी हातोडीने टायर ठोकायची, दिवे बघायची आणि दाराच्या आतल्या बाजूला लावलेली पट्टी वाचायची. पट्टीवरचं सगळं तिला पाठ होतं, तरी वाचायची. निवृत्त झाल्यावर सवय गेली नाही. रविवारी मिस्साला निघतानाही ती मोटारीभोवती फिरून यायची आणि तिचा नवरा लुमिर आत बसून म्हणायचा, "फादर आशीर्वाद देऊन घरी गेले असतील आता."

लुमिर गावच्या सहकारी धान्यकोठारात वजनकाट्यावर होता. त्याचं काम म्हटलं तर सोपं. रिकामा ट्रक काट्यावर उभा करायचा, खिडकीजवळचं हिरवं बटण दाबायचं, आकडा शून्यावर येतो आणि त्या ट्रकचं वजन यंत्र लक्षात ठेवतं. मग तोच ट्रक भरून आला की काट्यावर फक्त मालाचं वजन दिसतं. ट्रकचं स्वतःचं वजन कोणाला हवं असतं? ते वजा करून टाकायचं आणि विसरून जायचं. लुमिरने आयुष्यभर हे केलं, आणि त्याच्या आकड्यावर कोणी कधी भांडलं नाही. भावाभावांत जमिनीवरून कोर्टकचेरी चाललेली असायची, पण लुमिरचा काटा दोघांनाही मान्य असायचा.

दोन हिवाळ्यांपूर्वी त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं ते तुकड्यातुकड्यांनी, एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसं. आकडे मात्र शाबूत राहिले. तो विजेवर चालणाऱ्या खुर्चीत बसू लागला. चर्च आणि कॅफे एवढंच त्याचं जग उरलं, कारण त्या दोन ठिकाणी त्याची खुर्ची जाईल एवढ्या रुंद दाराचं स्वच्छतागृह होतं. पुतणीच्या लग्नाला गेले तेव्हा हॉलमध्ये तसं नव्हतं. तिथे काय झालं ते मी लिहीत नाही. घरी आल्यावर लुमिर म्हणाला, "बस. कुठे... नाही." आणि त्या दोन ठिकाणांपलीकडे तो खरंच कुठे गेला नाही.

यंदाच्या वसंतात त्यांच्या मुलीला, रेनीला, मुलगी झाली. रेनी कोलोराडोच्या डोंगरांत, खिंडीपलीकडच्या एका गावात नर्स आहे. नवरा खाणीवर. रजा मिळत नव्हती. लुमिर नातीचे फोटो डाव्या हाताने फोनवर पुढे-मागे सरकवत बसायचा. डॉक्टरांनी जॉर्जीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असा झटका पुन्हा येऊ शकतो. लुमिरला ते कोणी सांगितलं नव्हतं, तरी एक दिवस तो म्हणाला, "ह्या... वर्षी."

मग जॉर्जीनने ट्रेलर घेतला. आमच्याच जिल्ह्यातल्या एका विधुराने, बायको खुर्चीत होती तेव्हा तिच्यासाठी, रुंद दार आणि उतरण बसवून घेतलेला होता. आत पलंग, आत न्हाणीघर, धरायला दांडे. म्हणजे घराचा जेवढा भाग लुमिरला लागतो तेवढाच चाकांवर. आता प्रश्न उरला तो ओढणार कशाने याचा. त्यांची जुनी पिकअप कोंबड्यांचं खाद्य आणायच्या लायकीची उरली होती. आणि ऑक्टोबर सरत आला की खिंडीत बर्फ पडतो.

आमच्याकडे असला प्रश्न घरात सुटत नाही, कॅफेत सुटतो. तिथे सकाळी फासे टाकतात, हरेल त्याने सगळ्यांच्या कॉफीचे पैसे द्यायचे. लुमिर डाव्या हाताने फाशांचा पेला हलवतो आणि एर्नी पोस्पिशिल बहुतेक हरतो. एर्नी लुमिरचा शाळेपासूनचा मित्र. शेती मुलाला दिलीय, मतं स्वतःकडे ठेवलीत.

"डिझेल," एर्नी म्हणाला. जॉर्जीनचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता. "यात विचार कसला? खिंड अकरा हजार फुटांवर आहे. तिथे हवा विरळ. पेट्रोलचं इंजिन अशी धाप टाकतं, मी चर्चचा जिना चढताना टाकतो तशी. डिझेलला टर्बो असतो. तो हवा कोंबून कोंबून आत घालतो."

"मग तुलाच एक बसवून घे की," मी म्हटलं.

"तू हस, मिल्ली. उतारावर काय करशील? डिझेल स्वतःच गाडी धरून ठेवतं. आणि ओढायची ताकद? कोठारच ओढून नेईल, आतल्या काट्यावरच्या मार्विनसकट!"

"इंजिन लुमिर ठरवणार," जॉर्जीनने सांगितलं. "माझं ठरलंय ते. मी फक्त चालवणार."

सगळे लुमिरकडे बघायला लागले. दोन वर्षांत त्याच्याकडे असं, उत्तराची वाट बघत, कोणी बघितलं नव्हतं. त्याने पेला खाली ठेवला. ओठ जुळवले. "डि... झेल."

एर्नीने टेबलावर असा हात मारला की फासे जमिनीवर गेले. "बघा! डोकं अजून जाग्यावर आहे याचं!" लुमिर हसत होता. उजवा गाल हलत नाही त्याचा, पण डाव्या बाजूने भरपूर हसला.

घरी येताना जॉर्जीन मला म्हणाली, "उठायचं कधी, खायचं काय, गोळी कुठली, सगळं मीच ठरवते गं आता. एवढं तरी त्याचं असू दे."

शेजारच्या गावच्या विक्रेत्याकडे दोन पिकअप होत्या. एकाच बनावटीच्या, एकाच वर्षाच्या, मापाने अगदी बहिणी. लाल ती डिझेल, पांढरी ती पेट्रोल. त्याने दोन्हींच्या किल्ल्या देऊन टाकल्या, शनिवारपर्यंत चालवून बघा म्हणाला. लुमिर घराच्या खिडकीतून अंगणातल्या लाल गाडीकडेच बघत होता. जॉर्जीनने गाडीभोवती नेहमीची फेरी मारली, टायर ठोकले, दार उघडलं आणि आतली पट्टी वाचली. मग पांढरीचं दार उघडून तिची पट्टी वाचली. मग ती बटाट्यांचा वाफा तुडवत सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली.

"मिल्ली, दोन्ही गाड्यांवर एकच आकडा आहे," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "गाडी, आत बसलेली माणसं, मागे ठेवलेलं सामान आणि ट्रेलरच्या दांड्याचा जो भार गाडीवर येतो तो, सगळं मिळून दहा हजार पौंडांच्या वर जायचं नाही."

"बरं मग?"

"मग काय? डिझेलचं इंजिन म्हणजे लोखंडाचं धूड. लाल गाडी रिकामी असतानाच पांढरीपेक्षा जड आहे. म्हणजे तिच्यात आपल्यासाठी जागा कमी उरली. ओढेल ती हत्तीसारखी, पण पाठीवर पेलायचं म्हटलं तर पांढरी जास्त पेलते. ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, हे कॅफेतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही आलं."

"थोडंफार जास्त झालं तर काय बिघडतं? एर्नी म्हणेल असल्या पट्ट्या वकिलांसाठी लावतात."

"माझ्या बसमध्ये ठरल्यापेक्षा एक तरी मूल जास्त बसवलं का मी कधी? आणि ती सपाट जमीन होती. हा घाट आहे. मागचे टायर, स्प्रिंगा, ब्रेक... आणि आत लुमिर. काही झालं तर दार उघडून उडी मारणारा माणूस आहे का तो?"

मी कॉफी ओतली. "मग सांग त्याला."

"कसं सांगू? दोन वर्षांनी एक गोष्ट ठरवली त्याने, साऱ्या कॅफेसमोर. तीही मीच खोडू?" ती खुर्चीत बसली. "लाल गाडी विकली गेली म्हणून सांगू का?"

मला शाळेत चर्चच्या सिस्टरांनी शिकवलंय, खोटं बोलणं म्हणजे पाप. मी साखर पुढे केली.

"तुझं तोंड बघूनच कळलं," जॉर्जीन म्हणाली. "नको तर नको." ती बराच वेळ चमचा फिरवत राहिली, साखर न घालताच. मग म्हणाली, "वजन त्यालाच करू दे. त्याचा काटा आहे."

पक्षाघातानंतर लुमिर काट्याच्या खोलीत गेला नव्हता. मार्विन, जो पूर्वी त्याच्या हाताखाली होता, आता तिथे बसतो. आम्ही गेलो तेव्हा तो उठला, लुमिरला खुर्चीतून उचलायला हात लावला आणि आपल्या जागी बसवलं. लुमिरने आधी खिडकीची काच बाहीने पुसली. मग ध्वनिक्षेपकाची कळ दाबली.

"लाल," कर्ण्यातून आवाज आला. "रिकामी."

जॉर्जीनने लाल गाडी काट्यावर उभी केली आणि उतरली. काचेतून मला दिसलं, लुमिरचा डावा हात आपसूक हिरव्या बटणाकडे गेला. बाहेरच्या मोठ्या फलकावरचा आकडा शून्य झाला. मग पांढरीचंही तसंच. रिकामी उभी केली, बटण, शून्य.

मग आम्ही सामान भरलं. ट्रेलर जोडला. त्याची चाकं काट्याबाहेर राहतील आणि दांड्याचा भार तेवढा गाडीवर येईल, अशी गाडी उभी करायची होती. लुमिरची खुर्ची आणि ती उचलणारा यंत्राचा हात मागे चढवला. अवजारं, जनित्र, रेनीसाठी मी केलेल्या आंबवलेल्या कोबीच्या आणि बिटाच्या बरण्यांचं खोकं. जॉर्जीन चालकाच्या जागी. मार्विन लुमिरच्याच बांध्याचा, म्हणून लुमिरच्या जागी तो.

"मिल्ली," कर्णा बोलला. "तू... पण."

सामानात मीही होते. लुमिरला उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून माझं जाणं ठरलेलं. एव्हाना एर्नी आणि कॅफेतले आणखी दोघे कुंपणाला टेकून उभे होते. त्या काट्याचे आकडे वीस-वीस पौंडांच्या उड्या मारतात, त्यामुळे माझं नेमकं वजन त्यांना कळलं नाही. देवाची कृपा.

फलकावर दोन हजार तीनशे चाळीस आलं. मग ट्रेलर आणि सगळं सामान पांढऱ्या गाडीवर हलवलं. पुन्हा दोन हजार तीनशे चाळीस.

"सारखं!" लुमिरचा आवाज खूश होता. "बघ. सारखं."

आम्ही पांढऱ्या गाडीतच बसलो होतो. जॉर्जीनने काच खाली केली. तिचे हात स्टिअरिंगवर होते, बस चालवताना असायचे तसे, दोन्ही बाजूंना. "लुमिर," ती म्हणाली, "गाडीचं वजन वजा नको करूस. सगळं दाखव. दारावर दहा हजार लिहिलंय, ते गाडी धरून."

 मग त्याने बटण पुन्हा दाबलं, वजा केलेलं परत आलं. नऊ हजार पाचशे चाळीस.

कर्ण्यातून खरखर आली. मग: "लाल. परत."

सगळं सामान परत लाल गाडीवर. मार्विन घामाघूम झाला. या वेळी लुमिरने बटणाला हात लावला नाही. फलकावर दहा हजार दोनशे चाळीस आलं.

"दोनशे चाळीसच तर जास्त आहेत!" एर्नी कुंपणावरून ओरडला. "मिल्लीला आणि तिच्या बरण्यांना घरी ठेवा, झालं!"

"आणि लुमिरला न्हाणीघरात उचलून न्यायला तू येतोस का?" जॉर्जीन म्हणाली. "ये. पण तुझं वजन आधी करू."

कुंपणाजवळचे हसले. मी मात्र खिडकीकडे बघत होते. लुमिर खाली मान घालून बसला होता, आणि मला वाटलं, झालं, आता हा म्हणणार, बस, कुठे नाही. जॉर्जीनलाही तेच वाटलं असावं. तिने दाराच्या कडीला हात घातला होता.

कर्णा खरखरला. लुमिर हसत होता.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला. "वजा... वजा... वजा." त्याने बटणावर बोटाने टकटक केली, जसं एखाद्या लबाड मांजराच्या डोक्यावर करावं. "मीच... फेकलं. मीच."

मग त्याने नीट बसून, जुन्या दिवसांत ट्रकवाल्यांना सांगायचा त्या आवाजात सांगितलं, "पांढरी."

"अरे चढावर रडेल ती!" एर्नीने हात वर केले.

"रडू दे," कर्णा म्हणाला. त्या दिवसात पहिल्यांदाच दोन शब्द सलग, न अडखळता.

सप्टेंबर संपता संपता आम्ही निघालो. निघण्याआधी जॉर्जीनने फेरी मारली, या वेळी लुमिर खुर्चीतून तिच्या मागोमाग. ती टायर ठोकायची, तो मान हलवायचा.

सपाटीवर पांढरी गाडी निमूट चालली. खिंडीच्या पायथ्याशी जॉर्जीनने गिअर खाली घेतला आणि ते इंजिन ओरडू लागलं. एर्नीने सांगितलं होतं त्यात खोटं काही नव्हतं. वर जाऊ तशी हवा पातळ झाली आणि तो आवाज वाढत गेला, रविवारी आमच्या चर्चमध्ये तारस्वरात गाणाऱ्या बायकांसारखा, सूर सोडून पण जोर न सोडता. जॉर्जीनचे खांदे कानापर्यंत गेले होते. मी मागच्या सीटवर जपमाळ काढली आणि तिला दिसू नये म्हणून पर्समध्येच धरून जपली.

"थांबवू का?" जॉर्जीन म्हणाली. "लुमिर, फार ओरडतंय. थांबवू?"

लुमिर इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा हा असो की दुसरा कुठला, तो बघण्यात या माणसाचा हात कोण धरणार? "मध्ये आहे," तो म्हणाला.

पुढच्या वळणावर तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. "मध्ये."

त्याच्यापुढच्या वळणावर तिने विचारायच्या आधीच त्याने सांगितलं. हळूहळू तिचे खांदे उतरले. मागे गाड्यांची रांग लागली तेव्हा तिने रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, सगळ्यांना जाऊ दिलं आणि पुन्हा पहिल्यासारखी निघाली. एक डिझेलवाला आमच्या दुप्पट ट्रेलर ओढत भुर्रकन पुढे गेला आणि जाताना हॉर्न वाजवला.

"त्याच्या मागे मका असेल," जॉर्जीन म्हणाली.

खिंडीच्या माथ्यावर लुमिरला खाली उतरायचं होतं. आम्ही दोघींनी त्याला खुर्चीत बसवलं. बोचरा वारा होता, दूरच्या शिखरांवर नवा बर्फ पडलेला. त्याने डोंगरांकडे थोडं बघितलं, मग खुर्ची वळवून गाडीच्या पुढच्या भागाजवळ नेली आणि तापलेल्या बोनेटवर डावा तळवा ठेवला. थंडीने की कशाने, त्याचे डोळे पाणावले होते. उतारावर जॉर्जीनने गिअर आणखी खाली घेतला आणि आमच्या गावच्या रेल्वेच्या चढणीवर तिची बस चालायची त्याच चालीने आम्ही पलीकडे उतरलो.

रेनीच्या अंगणात ट्रेलर लागला. लुमिर स्वतःच्या न्हाणीघरात गेला, स्वतःच्या पलंगावर झोपला. सकाळी आपल्या आपण उतरणीवरून खुर्ची खाली आणून उन्हात येऊन बसला. रेनीने मुलीला आणून त्याच्या डाव्या हाताच्या बेचक्यात ठेवलं. तिचं नाव ओपल. तिने आजोबाची, म्हणजे आमच्या चेक बोलीतल्या देदाची, टोपी ओढून स्वतःच्या तोंडात घातली.

"देदाला ओळखतेस का गं?" रेनी म्हणाली आणि आत जाऊन रडून आली. नर्स असली तरी काय.

तेवढ्यात एर्नीचा फोन आला. जॉर्जीनने तो टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मागे कॅफेतल्या कपबश्यांचा आवाज येत होता.

"पोचलात म्हणे! चढावर किती वेगाने गेलात? खरं सांग."

"ताशी पस्तीस मैल," जॉर्जीन म्हणाली.

"पस्तीस! अरे लुमिर, डिझेल असतं तर पंचावन्नने गेला असतास!"

लुमिरने ओपलच्या तोंडातून टोपी सोडवली, तिला परत दिली. मग फोनकडे वाकला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला, आणि एर्नी, जो आयुष्यात कोणासाठी थांबला नव्हता, तिकडे गप्प थांबला.

"घाई... कुणाला... होती?"

फोनमधून कॅफेतले सगळे हसलेले ऐकू आले. जॉर्जीन गाडीभोवती फेरी मारायला उठली होती, परतायला अजून दोन आठवडे होते तरी. लुमिरने तिला हाक मारली आणि हनुवटीने पश्चिमेकडच्या, अजून न ओलांडलेल्या डोंगरांकडे खूण केली.

"ती खिंड... किती उंच?"